मारुती ८०० (१९९६): कॅसेट डेक काढून नवा बसवला, वायरिंग जुळत नाही

केए२२_आठशे

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९६ची, कार्ब्युरेटरवाली, बेळगाव पासिंग. कॅसेट डेक काढून सिंगल डिनचा (डिन म्हणजे डेकच्या खाचेचं ठरलेलं माप) नवा डेक घातलाय. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि मुद्दाम शोधून एएमसुद्धा असलेला. जुन्या डेकला कपलर नव्हताच. कुणीतरी पूर्वी वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली. डॅशमागं सहा वायरी आहेत: लाल, पिवळी, काळी, दोन निळ्या आणि एक पांढरी. मागच्या ट्रेवर सहा इंची दोन स्पीकर आहेत, पुढं काही नाही.

मी रंगाला रंग जोडला. लाल लालला, पिवळी पिवळीला, काळी काळीला. दोन निळ्या वायरी डेकच्या हिरव्या आणि जांभळ्याला, आणि पांढरी एकटीच उरली म्हणून हिरवी-काळी आणि जांभळी-काळी या दोन्ही एकत्र करून तिला दिल्या. डेक चालू होतोय खरं,

१) किल्ली काढली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं सगळी जातात.
२) आवाज जरा वाढवला की डेक बंद पडतो, पाठीमागची पट्टी हात लावू देत नाही इतकी तापते.
३) अ‍ॅक्सिलरेटर दाबेल तसा कुंईऽऽ असा आवाज चढत जातो. हेडलाइट लावला की आणखी वाढतो.
४) एएमवर धारवाड नीट लागूलं नाही. आकडा ७६०वरून थेट ७७०वर उडी मारतो.

दुकानात विचारलं तर "फिल्टर लावा, होतंय" एवढंच उत्तर. नेमकं काय तपासू, कुठल्या जाडीची वायर आणू, सांगा. मल्टिमीटर आहे माझ्याकडं.

उद्यमबाग_वायरिंग

दादा, सगळ्यात आधी दुसरा मुद्दा, आणि तो सुटेपर्यंत डेक चालू करू नका. डेकच्या मागची आउटपुट आयसी (स्पीकर वाजवणारी चिप) त्यात जाते.

जुन्या कॅसेट डेकमध्ये दोन्ही स्पीकरचं एक टोक बॉडीला दिलेलं चालायचं. तुमची पांढरी वायर म्हणजे तेच सामाईक टोक, आणि बहुतेक ती मागं कुठंतरी पत्र्याला लावलेली असणार. आताच्या डेकमध्ये प्रत्येक स्पीकरला दोन्ही बाजूंनी अ‍ॅम्प्लिफायर असतो. अधिक आणि उणे, दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानानं साधारण ६ व्होल्ट उभे असतात. गाणं त्या दोघांमधल्या फरकातून वाजतं. म्हणून "उणे म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी" हा हिशेब इथं लागू नाही. उणे वायर बॉडीला टेकली की तो सरळ शॉर्ट. दोन उणे एकमेकांना जोडले तरी दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांशी भांडतात. तुमच्याकडं दोन्ही झालंय. तापून बंद पडणं ही आयसीची स्वतःला वाचवायची सोय आहे, पण ती रोज वापरायची नाही.

उपाय एकच: प्रत्येक स्पीकरला डेकपासून स्वतंत्र दोन वायरी. ०.७५ चौरस मिमीची जोडवायर आणा, एका बाजूला पट्टा असलेली. पायाखालच्या मॅटच्या कडेनं, दरवाज्याच्या उंबऱ्यालगत मागं नेली की एका स्पीकरला साडेचार मीटर पुरते. १० मीटर घ्या. जाता-येता मिळून ९ मीटर तांब्याचा विरोध सुमारे ०.२ ओहम होतो, ४ ओहमच्या स्पीकरपुढं तो किरकोळ आहे. याहून जाड वायर इथं पैसे वाया. पुढच्या सीटच्या रुळाखालून मात्र नेऊ नका, सीट सरकवताना वायर सोलते.

जोडण्याआधी प्रत्येक स्पीकर सुटा करून मीटरवर बघा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो. मग एक टोक स्पीकरच्या पिनेला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा, तिथं काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर पीन किंवा वायर ट्रेच्या पत्र्याला टेकतेय.

अधिक-उणे कळत नसेल तर साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. स्पीकर डेकपासून सोडलेला असतानाच. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या पिनेला आहे ती अधिक. दोन स्पीकर उलटसुलट लागले तर बिघाड काही होत नाही, पण बेस गळून जातो आणि माणूस उगाच नवे स्पीकर आणायला निघतो.

आता पहिला मुद्दा. रंग विसरा. डेकच्या बाजूचे रंग ठरलेले आहेत:

पिवळी – कायम १२ व्होल्ट, घड्याळ आणि मेमरीसाठी. मोठा करंटही बहुतेक डेकमध्ये हिच्यातूनच जातो
लाल – किल्लीचे १२ व्होल्ट, फक्त इशारा
काळी – अर्थ
निळी किंवा निळी-पांढरी – अँटेना/अ‍ॅम्प्लिफायरसाठी *बाहेर जाणारे* १२ व्होल्ट
नारिंगी – पार्किंग दिव्याबरोबर
पांढरी, करडी, हिरवी, जांभळी – पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. काळा पट्टा असलेली ती उणे.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र पूर्वी ज्यानं काम केलं त्याच्या खिशात जी वायर होती त्यावर ठरलेत. स्टेशनं पुसली जातात याचा अर्थ गाडीची पिवळी किल्लीवर आहे आणि लाल कायम चालू. खात्री अशी करा: डेक सोडा, मीटर डीसी २० वर, काळं टोक थेट बॅटरीच्या उणे टर्मिनलवर (डॅशच्या कुठल्याही स्क्रूवर नको). किल्ली बंद असताना जिच्यावर १२.५च्या आसपास मिळतं ती कायमची. किल्ली एसीसीवर (इंजिन चालू न करता पहिल्या टप्प्यावर) आणल्यावर जी जिवंत होते ती दुसरी.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं नाही. एकच तार शिल्लक असलेली सडकी वायरसुद्धा मीटरला पूर्ण १२ दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. ५५ वॅटचा जुना हेडलाइट बल्ब कायमच्या वायरीवर लावा, तो साडेचार अँपिअर ओढेल. तेवढ्या भारावर व्होल्टेज ०.३ पेक्षा जास्त पडलं तर ती वायर मोठ्या कामाची नाही. बल्ब काही सेकंदच ठेवा, फार तापतो.

निपाणी_वर्कशॉप

वरचं सगळं बरोबर. मी आवाजावर लिहितो, कारण "फिल्टर लावा" हा सल्ला ऐकला की वाईट वाटतं. फिल्टर हा शेवटचा उपाय आहे. निम्म्याहून जास्त वेळा दोष अर्थिंगमध्ये असतो, आणि खराब अर्थिंगवर फिल्टर लावून काही बदलत नाही.

आधी आवाज कुठून शिरतोय ते ओळखा.

व्हॉल्यूम शून्य करूनही कुंई येत असेल तर तो पॉवर, अर्थ किंवा स्पीकरच्या वायरीतून येतोय. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर आत येणाऱ्या सिग्नलमधून. यूएसबीवर साफ आणि फक्त रेडिओवर असेल तर अँटेना बघा: मागून अँटेनाची पीन उपटा, आवाज गेला का? आणि चढत जाणारी कुंई ही अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची), इंजिनच्या वेगाबरोबर टकटक-टकटक वाढत असेल तर ती इग्निशनची. दोन्हींचे उपाय वेगळे.

हेडलाइट लावल्यावर वाढतो म्हणताय, म्हणजे मला अर्थवर दाट संशय आहे. मीटर डीसी २ व्होल्टवर, एक टोक डेकच्या धातूच्या डब्याला, दुसरं बॅटरीच्या उणे टर्मिनलला. इंजिन चालू, हेडलाइट चालू, डेक वाजता. ०.१ च्या आत पाहिजे. ०.३-०.५ आलं तर डेकची काळी वायर ज्या बोल्टला आहे तिथूनच इतर दिव्यांचा करंटही परततोय आणि बोल्टखाली गंज किंवा रंग आहे. आपल्याकडच्या पावसात, त्यातून खानापूर-जांबोटी भागात फिरणाऱ्या गाडीत, डॅशखालचे स्क्रू वरून चकचकीत आणि खालून हिरवे असतात.

खराब अर्थची आणखी एक खूण: अँटेनाची पीन उपटली की डेकच बंद पडतो किंवा चाचरतो. म्हणजे बिचारा अँटेनाच्या केबलच्या जाळीतून अर्थ घेत होता.

अल्टरनेटरचा डायोडही एकदा बघून घ्या. इंजिन थोडं रेस ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा. ०.१च्या आसपास ठीक. ०.५च्या वर गेलं तर डायोड गेलाय, मग डेकवर कितीही खर्च केला तरी कुंई जाणार नाही. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीसुद्धा मोजतात. टोकं उलटी करून बघा, आकडा एकदम बदलला तर त्या मीटरवर ही चाचणी सोडून द्या. चार्जिंग डीसीवर १३.८ ते १४.४ मध्ये असावं.

टकटक असेल तर: रेझिस्टर असलेले प्लग (एनजीकेच्या नंबरात 'आर' अक्षर असतं), आणि प्लगच्या वायरी कार्बन गाभ्याच्या, ज्या मीटरवर काही हजार ओहम दाखवतात. सरळ तांब्याच्या असतील तर त्या मोजल्यावर शून्याजवळ येतात आणि एएमचा नाश करतात. इग्निशन कॉइलच्या *अधिक* टोकापासून बॉडीला सप्रेशन (आवाज दाबणारा) कंडेन्सर लावतात. उणे टोकाला लावू नका, इंजिन मिस मारायला लागेल.

खानापूर_मध्यमलहर

चौथा मुद्दा वायरिंगचा नाहीच. डेक अमेरिकेच्या सेटिंगवर आहे. तिकडं मध्यम लहरीवर, म्हणजे एएमवर, स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडं ९ च्या. आकाशवाणी धारवाड ७६५वर आहे. ७६५ला ९नं भाग जातो, १०नं जात नाही. म्हणून तुमचा डेक ७६०वर थांबतो, मग ७७०वर, आणि मधल्या मधे धारवाड फाटक्या आवाजात ऐकू येतं. सांगली १२५१, तेही ९च्या पाढ्यात. मेनूमध्ये 'एरिया' किंवा 'ट्यूनर रीजन' शोधा. काही डेकमध्ये ते डेक बंद असताना एखादं बटण दाबून धरल्यावरच उघडतं, पुस्तिकेत असतं. आशिया किंवा युरोप निवडा. निवडल्यावर आधी लावलेली स्टेशनं पुसली जातात, म्हणून हे काम पिवळी-लाल नीट केल्यावर करा.

जपानहून आलेला सेकंडहँड डेक घेणाऱ्यांनी आणखी जपावं. त्यांचा जुना एफएम पट्टा ७६पासून ९०पर्यंतच असतो, कोल्हापूर १०२.७ त्यात येतच नाही.

अँटेनाबद्दल. एफएमला ७५ सेंटीमीटरची काडी पुरते, तो १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग. मध्यम लहरीला जेवढी लांब तेवढी चांगली, काडी पूर्ण ओढा. तुमची ८००च्या खांबावरची ओढायची काडी असेल तर तिच्या बुडाशी पाणी साचतं. पीन डेकमधून काढून मधली सुई आणि बाहेरची कडी यांत ओहम बघा, पूर्ण उघडं यायला पाहिजे. कडी आणि गाडीची बॉडी यांत शून्याजवळ. सुई आणि काडीचं टोक यांतही शून्याजवळ.

आणि वायर कमी पडते म्हणून टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडू नका. गाडीच्या अँटेनाची केबल वेगळी असते, कमी कपॅसिटन्सची. टीव्हीच्या केबलवर एफएम चालतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण मध्यम लहर तिथंच मरते. सिगारेट लायटरमधले स्वस्त मोबाइल चार्जरही एएमवर भरभर आवाज करतात. तपासताना काढून ठेवा. चोर्ल्याकडं घाटात उतरताना एफएम तुटतं त्याला डेक काही करू शकत नाही, ती लहर सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा येतो. मध्यम लहर जमिनीलगत पसरते, म्हणून तिथं धारवाडच साथ देतं. नवीन डेक घेताना खोक्यावर 'एएम' लिहिलंय का हे बघायला म्हणूनच सांगतो. आता बऱ्याच स्वस्त डेकमधून ते काढून टाकलंय.

चिकोडी_जीप

मध्येच विचारतो. हेच रंग जुन्या जीपला आणि २४ व्होल्टच्या टेम्पोला चालतील काय?

उद्यमबाग_वायरिंग

जीपला आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा. ब्रिटिश पद्धतीच्या काही फार जुन्या गाड्यांत अधिक टोक बॉडीला असतं. तिथं आजचा डेक सरळ लावला तर डबा पत्र्याला टेकताच फ्यूज उडतो. उणे बॉडीला असेल तर काही वेगळं नाही. २४ व्होल्टला २४-ते-१२चा कन्व्हर्टर लावा, १० अँपिअरचा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ घ्यायची सवय सोडा. ती बॅटरी सतत अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात.

केए२२_आठशे

सगळ्यांचे आभार. मोजून आलो.

पिवळी किल्लीवरच निघाली, सिगारेट लायटरच्या वायरीला जोडलेली. लाल कायमची, खरं ५५ वॅटचा बल्ब लावल्यावर १२.५वरून ११.६वर आली. डेकचा डबा ते बॅटरी उणे: हेडलाइट लावून ०.४. पांढरी वायर मागं ट्रेच्या स्क्रूला, म्हणजे बॉडीलाच. स्पीकर ३.५ आणि ३.६ ओहम, सुटे केल्यावर बॉडीला काही नाही. एसी व्होल्ट ०.०५, चार्जिंग १४.१. युरोप निवडल्यावर ७६५ लागतंय, धारवाड बरं येऊलंय.

आता कायमची वायर बॅटरीवरून नवी ओढू काय? किती जाड? आणि पुढं दोन छोटे स्पीकर घालायचेत, ते मागच्यांनाच समांतर जोडले तर चालतंय काय?

उद्यमबाग_वायरिंग

चांगलं मोजलंय. ०.९ व्होल्टची घट म्हणजे ती लाल वायर मोठ्या करंटसाठी बाद. नवी ओढा.

वायर २.५ चौरस मिमी, लाल, ३ मीटर. हिशेब असा: २.५च्या तांब्याचा विरोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम, तीन मीटरला २१. पाच अँपिअरला ०.१ व्होल्ट पडतं. १.५ चौरस मिमी घेतली तर ०.२च्या जवळ. चालते, पण किमतीत फरक इतका थोडा आहे की २.५च घ्या.

कामाचा क्रम: १० नंबरच्या पान्यानं बॅटरीचं उणे आधी काढा. नवी वायर इंजिनच्या बाजूनं फायरवॉलमधल्या रबरी ग्रोमेटमधून आत घ्या. नवं भोक पाडलंत तर रबर घातल्याशिवाय वायर नेऊ नका, पत्र्याची कड थोड्या दिवसांत सोलून टाकते. बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज होल्डर, पाण्यापासून झाकणाचा, आत १५ अँपिअर. डेकच्या मागं १०चा फ्यूज आहे म्हणून हा टाळू नका. तो डेकला वाचवतो, हा वायरीला. होल्डर बॅटरीपासून लांब बसवला तर मधल्या तुकड्याला कुणी राखणदारच नाही, आणि तिथं शॉर्ट झालं तर गाडी पेटते.

सिगारेट लायटरची ती जुनी पिवळी वायर डेकच्या *लाल*ला द्या, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. गाडीची जुनी लाल वायर टोक झाकून बाजूला बांधा. ती कुठल्या फ्यूजवर आहे ते शोधून तिथंच सोडवली तर आणखी बरं.

काळी वायरही नवी, २.५ चौरस मिमी. डॅशच्या आतल्या मजबूत पत्र्यावर सहा मिमीच्या बोल्टची जागा निवडा, पॉलिशपेपरनं रंग चकाकेपर्यंत घासा, गोल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून दातेरी वॉशरसकट आवळा, वर थोडं ग्रीस. पुन्हा तेच ०.४चं मोजमाप घ्या. ०.१च्या आत आलं नाही तर बॅटरीपासून बॉडीला येणारी जाड पट्टी बघायची वेळ आली.

जॉइंट सगळे सोल्डर करून वर हीटश्रिंक, किंवा चांगल्या पक्कडीनं दाबलेले लग. काळी टेप नको. उन्हात गोंद वितळतो, पावसाळ्यात टेप सरकते, आणि वायरी उघड्या पडतात. जॉइंट एकाखाली एक न ठेवता दोन-दोन सेंटीमीटर मागंपुढं ठेवा.

पुढचे स्पीकर मागच्यांना समांतर अजिबात नको. ४ आणि ४ मिळून २ ओहम होतात, करंट दुप्पट, डेक पुन्हा तापणार. डेकला चार आउटपुट आहेत, डेकच्या बाजूची पांढरी आणि करडी मोकळीच आहेत, तिथं लावा. खोक्यावर ५०×४ वॅट लिहिलंय त्याला भुलू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहममध्ये साफ आवाजाचे गणितानं जास्तीत जास्त २६ वॅट बसतात, प्रत्यक्षात वीस-बावीस. १० अँपिअरचा फ्यूज १४.४ व्होल्टवर १४४ वॅटच आत घेऊ देतो, मग २०० बाहेर कुठून येणार? स्पीकर निवडताना त्यावर लिहिलेल्या आरएमएस (सतत झेपणाऱ्या वॅटच्या) आकड्याकडं बघा. ३० वॅटचे भरपूर झाले.

निपाणी_वर्कशॉप

बसवतानाचं राहिलं. डिनचा पिंजरा १८२×५३ मिमीच्या खाचेत बसतो. पिंजऱ्याच्या जीभा वाकवून धरतातच, पण डेकच्या पाठीला एक स्टड असतो, त्याला भोकाची पत्र्याची पट्टी लावून आत कुठंतरी बांधा. आपल्या गावाकडच्या रस्त्यावर नुसत्या पिंजऱ्यावर डेक धडधडतो आणि जोड सैल होतात. सरकवताना मागं वायरीचा गोळा अडकला तर जोर लावू नका. निळी आणि नारिंगी वापरत नसाल तर दोन्हींची टोकं वेगवेगळी झाका. निळीवर १२ व्होल्ट बाहेर येतात, ती डेकच्या डब्याला टेकली की आतला भाग जळतो.

केए२२_आठशे

झालं. डबा ते उणे आता ०.०४, कुंई गेली. डेक तापत नाही, स्टेशनं राहतात. किल्ली काढून बॅटरीच्या उणे वायरीत मीटर घातला तर १८ मिलिअँपिअर दाखवतोय. गाडी महिनाभर उभी राहिली तर चालेल काय?

उद्यमबाग_वायरिंग

१८ म्हणजे दिवसाला ०.४३ अँपिअर-तास, महिन्याला १३. तुमची ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी नवी असेल तर महिन्यानंतरही सेल्फ मारेल, जुनी असेल तर धोका आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर उणे टर्मिनल काढून ठेवा. स्टेशनं जातील, ती पुन्हा लावा. आणि मीटरची वायर १० अँपिअरच्या खोबणीतून काढून व्होल्टच्या खोबणीत घालायला विसरू नका. तशीच बॅटरीवर टेकवली तर मीटरचा फ्यूज जातो.